कॅसलरॉक : नावातला किल्ला आणि बायबलमधले गाव



आपल्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेवर असलेल्या कॅसलरॉकचे नाव सरळ इंग्रजीतून आलेले आहे. मराठी, कोंकणी, कन्नड बोलणारे आपण सगळे ते एका दमात, एकच शब्द असल्यासारखे म्हणतो. इंग्रजीत मात्र ते दोन शब्द आहेत. कॅसल म्हणजे किल्ला, रॉक म्हणजे खडक. कॅसलच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे, पण बोलताना तो मुका राहतो.

इंग्रजीत हे नाव दोन तऱ्हांनी वापरतात. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात ज्या खडकावर खराखुरा किल्ला उभा आहे, त्याला कॅसल रॉक म्हणतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात याच नावाचे शहर आहे. तिथे नावाला कारण झाला तो किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसणारा डोंगराचा माथा.

आपले कॅसलरॉक लोकांना माहीत झाले ते रेल्वेमुळे. 1878 साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे आणायचे ठरले. 1888 साली रूळ कॅसलरॉकपर्यंत पोचले. कुळ्यापासून वर येणारी ही वाट फार चढाची आहे, 37 मीटर पुढे जावे तेव्हा गाडी 1 मीटर वर येते. या घाटाला पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ब्रागांझा घाट म्हणतात. अलीकडे ब्रिटिशांचे राज्य, पलीकडे पोर्तुगिजांचे. त्यामुळे कॅसलरॉकला सामानाची जकात तपासणी होत असे.

पुढे काय झाले? 1910 साली ब्रागांझांचे राज्य संपले. 1947 साली ब्रिटिश गेले. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि सीमेवरचा पहारा उठला. ज्यांनी नावे दिली ते गेले, नावे राहिली. ती राहिली, कारण इथे माणसे राहिली.

याच्या उलट गोष्टही आपल्याच तालुक्यात घडली. या तालुक्याचे पूर्वीचे नाव सुपा. काळी नदीवर धरण झाले आणि सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. अनेक कुटुंबे रामनगरात वसली. आज सुपा हे नाव धरणाला आहे, पण त्या नावाचे घरदार, अंगण, वाट उरलेली नाही. उठून जावे लागलेल्या माणसांच्या तोंडी मात्र ते अजून गावाचेच नाव आहे.

आता बायबलकडे वळू. कॅसल हा इंग्रजी शब्द ‘कास्तेल्लुम’ या लॅटिन शब्दापासून आला. संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलमध्ये हा शब्द कुठे येतो पाहा. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू ज्या ठिकाणी जातो आणि मार्था त्याला आपल्या घरी घेते, ते ठिकाण लॅटिनमध्ये ‘कास्तेल्लुम’ आहे. चोविसाव्या अध्यायातले अम्माऊसही ‘कास्तेल्लुम’च. विक्लिफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलमध्येही या दोन्ही ठिकाणी ‘कॅसल’चेच जुने रूप आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे : गाव, खेडे. आपल्या मराठी बायबलमध्येही गावच आहे.

म्हणजे ज्या शब्दात आज आपल्याला तट आणि बुरूज दिसतात, त्याच शब्दाने एके काळी मार्थेचे खेडे सांगितले जात होते. त्या खेड्यात एक घर होते, चूल होती, दारी आलेल्या पाहुण्याला आत घेणारी बाई होती. अम्माऊसलाही तसेच घडले. दिवस कलला होता, दोघा शिष्यांनी वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला आग्रहाने थांबवून घेतले आणि भाकर मोडताना त्यांना प्रभूची ओळख पटली.

आपली मुले कामासाठी गोव्याला, पुण्याला जातात. कुठून आलात असे कोणी विचारले की कित्येकदा ती कचरतात, जवळच्या मोठ्या शहराचे नाव सांगून मोकळी होतात. त्यांना आपण हे सांगू या, की प्रभू राजवाड्यात कमी आणि खेड्यांत जास्त फिरला. गावाचे नाव कोणत्या भाषेतले आहे, कोणत्या साहेबाने दिले, यावरून गावाची किंमत ठरत नाही. तिथल्या घरांची दारे कोणासाठी उघडतात, यावर ती ठरते.

अठराव्या स्तोत्रात दाविदाने परमेश्वराला खडकही म्हटले आहे आणि गडही. कॅसलरॉक या नावात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. स्थानकाची पाटी दिसली की एवढे जरी आठवले तरी ती छोटीशी प्रार्थना होईल.

हे प्रभो, तू आमचा खडक आणि आमचा गड हो. आमच्या लहान गावांत ये, आमच्या घरी थांब. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना तुझ्यात कायमचे घर मिळो. आमेन.