घरची मोहाची आणि गुत्त्यावरची : एका हिशेबाचा इतिहास

मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका सभासदांनी प्रश्न टाकला, "नवसारीकडच्या खेड्यांत पूर्वी घरोघरी मोहाची गाळायचे म्हणतात. मग लोक गुत्त्यावर जाऊन पैसे कशाला मोजायला लागले?" दारूबंदीच्या राज्यात राहणारे आपण, सगळे हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर आपल्या बडोदे संस्थानाच्या नकाशात आणि इंग्रज सरकारच्या तिजोरीत आहे. म्हणून हे टिपण.

आधी घरच्या दारूचा खर्च पाहू. मोह, गुजरातीत महुडो, फाल्गुन-चैत्रात फुलतो. फुलं रात्री गळतात आणि सकाळी बायका-मुलं ती टोपलीत वेचतात. वाळवली की पुढे कित्येक महिने टिकतात. ती खातातही आणि गुरांनाही घालतात. दारूसाठी फुलं पाण्यात भिजवायची, काही दिवसांनी आंबली की मडक्यात उकळायची, आणि वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात उतरवायची. मडकी कुंभाराची, सरपण रानातलं, मेहनत घरची. रोख पैसा जवळजवळ लागतच नसे. आणि ही दारू नुसती पिण्यासाठी नव्हती. लग्नकार्यात, देवाच्या पूजेत, मर्तिकात तिचा मान असे.

आता गुत्त्यावरची. मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारी कायदा झाला. त्याची घडी बसवणारा अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. गावोगावच्या भट्ट्या बंद करून ठरावीक मध्यवर्ती भट्टीतच दारू गाळायची, तिथून बाहेर पडतानाच गॅलनमागे कर घ्यायचा, आणि विक्रीचा मक्ता ठेकेदाराला द्यायचा, अशी ही पद्धत. जितकी दारू कडक तितका कर जास्त.

दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडून बघा. फुलं दोन्हीकडे तीच, आग तीच, पाणी तेच. पण गुत्त्यावरच्या पेल्यात सरकारचा कर, मक्त्याची रक्कम, वाहतूक, ठेकेदाराचा नफा आणि दुकानदाराचा नफा एवढं सगळं मिसळलेलं. म्हणजे घेणारा दारूचे पैसे थोडे आणि बाकीच्याचेच जास्त देत होता. अशी दारू घरच्या दारूपुढे टिकणार कशी? उघड आहे, टिकणार नाही. म्हणून घरची गाळणं हाच गुन्हा ठरवावा लागला. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा आला आणि फुलं बाळगण्यावरच बंधन पडलं. जे फूल गरिबाच्या पोटात जात होतं, तेच पोलिसाच्या नजरेत मुद्देमाल झालं!

याच सुमारास खुद्द इंग्लंडात काय चाललं होतं, तेही बघण्यासारखं आहे. १८८० साली ग्लॅडस्टननं माल्टवरचा जुना कर काढला आणि तयार बिअरवर कर बसवला. पण लहानशा घरात राहणाऱ्या माणसानं स्वतःपुरती बिअर केली, तर त्या बिअरवर कर नाही. स्वस्तातला परवाना काढला की झालं. पुढे १९६३ साली तर घरच्या बिअरसाठी परवानाही लागेनासा झाला. तिथल्या झोपडीतल्या मजुराला एक न्याय, इथल्या झोपडीतल्या आदिवासीला दुसरा. तिजोरी मात्र दोन्हीकडची एकाच साम्राज्याची.

आता आपल्या संस्थानाकडे वळू. नवसारी प्रांत सलग नव्हता. त्याचे तालुके ब्रिटिश सुरत जिल्ह्याच्या गावांत गुंतलेले. एका गावात दारू स्वस्त असली की शेजारच्या गावचा माणूस तिकडे जाणारच. त्यामुळे शेजारच्या राज्यांनीही आपल्याच धर्तीवर आबकारी चालवावी, असा इंग्रजांचा आग्रह असे. पोर्तुगिजांशी १८७८ साली जो तह झाला, त्यात गोव्याबरोबर दमणही आलं, त्यामागेही हेच कारण होतं. बडोद्यातही मग आबकारीचं वळण मुंबईसारखंच होत गेलं.

पण खरी किंमत पैशांत नव्हतीच. हातात रोकड नसलेला आदिवासी गुत्त्यावर उधारीनं पीत असे, आणि सुगीला धान्यानं फेड होत असे. दक्षिण गुजरातेत दारूचे दुकानदार बहुतेक पारशी, आणि त्यांतले बरेच सावकारीही करत. उधारी वाढली की जमीन जाई. डेव्हिड हार्डिमन यांनी या भागावर मोठं काम केलंय, त्यात हे सगळं तपशिलानं येतं. अर्थात त्यावरून अख्ख्या समाजाला बोल लावायचं कारण नाही. दुकानदार बसला होता तो सरकारनं मांडून दिलेल्या गादीवर.

या हिशेबाला आदिवासींनी स्वतःच उत्तर दिलं. १९२२-२३ मध्ये गावोगाव देवी अंगात येऊ लागली. तिची आज्ञा अशी : दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, पारशी दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. गुत्ते ओस पडले. ज्यांची घरची दारू कायद्यानं काढून घेतली होती, त्यांनी विकतचीही नाकारली. पुढे ही चळवळ ओसरली, पण तिचा धाक दुकानदारांना आणि आबकारीवाल्यांनाही चांगलाच बसला होता.

तेव्हा त्या सभासदांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की लोक हौसेनं गुत्त्यावर गेले नाहीत. घरचा रस्ता बंद केला, म्हणून गेले.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी बऱ्याच घरांतले आजोबा-पणजोबा सुभ्याच्या नाहीतर वहिवाटदाराच्या कचेरीत नोकरीला होते. माळ्यावरच्या ट्रंकेत आबकारीचे लिलाव, परवाने, दंडाच्या नोंदी असलं काही सापडलं, तर रद्दीत घालू नका. पुढच्या बैठकीला घेऊन या.