केस की नोकरी?

नवी नोकरी लागली की माणूस काय काय करतो? पेढे वाटतो, दोन नवे शर्ट शिवायला टाकतो (हल्ली तयारच घेतात म्हणा) आणि रुजू व्हायच्या आदल्या रविवारी न्हाव्याकडे जातो. पहिल्या दोन गोष्टींचं कौतुक होतं. तिसरीकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण मंडळी, या तिसऱ्या गोष्टीपायी माणसांनी मोर्चे काढले आहेत, वर्षानुवर्षं नगरपालिकांशी भांडणं केली आहेत आणि एका गृहस्थाने तर स्वतःला जाळून घेण्याची तयारी केली होती. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

हे सगळं सुचण्याचं कारण घरातलंच. माझ्या बहिणीच्या नातवाने खांद्यापर्यंत केस वाढवले आहेत, मागे बांधतो. त्याला पुण्यात नोकरी मिळाली आणि त्याने फोनवर विचारलं, "आजोबा, रुजू व्हायच्या आधी कापू का?" त्याला मी काय सांगितलं ते महत्त्वाचं नाही. त्याचं वय, त्याचं डोकं. पण फोन ठेवल्यावर मला इंग्लंडमधल्या शिखांची गोष्ट आठवली. शाळेत इतिहास शिकवताना ती कधी सांगायला मिळाली नाही. अभ्यासक्रमातच नव्हती.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली, हे आपल्याला ठाऊक असतं. केश, कंगा, कडा, कच्छ आणि किरपाण हे पाच 'क' सुद्धा पाठ असतात. याच गुरूंनी १७०८ साली आपल्या नांदेडला देह ठेवला, म्हणून मराठी माणसाला ही मंडळी तशी परकी नाहीत. आपल्या नामदेवांची पदं त्यांच्या ग्रंथसाहिबात आहेत. पण पाच 'क' पाठ असले तरी त्यातला पहिला किती खोलवर रुजलेला आहे याची कल्पना आपल्याला येत नाही. आपल्याकडे केस म्हणजे वाढतात आणि कापतात, इतकंच. शीख परंपरेत भाई तारूसिंगांची कथा लहान मुलांना सांगतात. १७४५ च्या सुमारास लाहोरला त्यांनी केस कापू द्यायला नकार दिला आणि त्यांच्या डोक्याची त्वचाच सोलून काढली गेली. ही गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला "जरा केस कापून या" म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा.

आता गंमत पाहा. १८४९ साली पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला. शीख उत्तम सैनिक आहेत हे इंग्रजांनी लढाईत अनुभवलंच होतं, त्यामुळे त्यांची भरती सुरू झाली. आणि या गोऱ्या साहेबांनी शीख रिक्रूटांसाठी नियम कोणता केला? केस कापायचे नाहीत! अमृत घ्यायचं, केस-दाढी राखायची, पगडी बांधायची. शीख हा शिखासारखा दिसला आणि वागला तरच तो चांगला सैनिक, असं त्यांचं गणित होतं. यात धर्माविषयी प्रेम किती आणि सैन्य वेगवेगळ्या जातीजमातींत वाटून ठेवण्याची सोय किती, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. १८९७ साली सारागढीला एकवीस शीख शेवटच्या माणसापर्यंत लढले ते पगडी बांधूनच. पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या चिखलात शीख पलटणी उतरल्या त्याही पगडी बांधून. पुढे दुसऱ्या महायुद्धात लोखंडी शिरस्त्राण घालायला शिखांनी नकार दिला आणि तो सरकारने मान्य केला. म्हणजे बंदुकीची गोळी डोक्यावर घ्यायची असेल तेव्हा पगडी चालत होती.

बस चालवायची वेळ आली तेव्हा मात्र चालेना!

दुसरं महायुद्ध संपलं, इंग्लंडला कामगार हवे होते. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना तिथे जाऊन राहण्याची मोकळीक होती. फाळणीने उखडलेल्या पंजाबातून, विशेषतः जालंदर-होशियारपूरच्या बाजूने, तरुण पोरं जाऊ लागली. ती बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, लंडनजवळचं साउथॉल अशा ठिकाणी ओतशाळांत आणि कारखान्यांत लागली. तिथे आधी गेलेले गाववाले नव्याला स्टेशनवरून घरी आणत, जेवू घालत आणि पहिला सल्ला देत: केस काप, दाढी काढ, मग कामाला विचारायला जा. पगडी दिसली की मुकादम जागा भरली म्हणून सांगतो. बहुतेकांनी तो सल्ला ऐकला. घरी पैसे पाठवायचे होते, गहाण पडलेली जमीन सोडवायची होती, बहिणीचं लग्न करायचं होतं.

या लोकांना नावं ठेवणं फार सोपं आहे. पुढे नावं ठेवलीही गेली. पण मला ते पटत नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, भाषा येत नाही, एका खोलीत सहा-सात जण पाळीपाळीने झोपतात, बाहेर कडाक्याची थंडी. अशा वेळी आरशासमोर उभं राहून आईने रोज तेल लावून विंचरलेले केस कापायचे, आणि मग घरी फोटो पाठवायचा की नाही याचाही विचार करायचा. हे काही त्याने हौसेने केलेलं नाही.

(भगतसिंगांनीही १९२८ साली केस कापले होते. पण ते पोलिसांना ओळख पटू नये म्हणून. त्यांच्याबरोबरच फाशी गेलेले आपले खेडचे राजगुरू यांना ही अडचणच नव्हती! असो, तो वेगळा विषय.)

सगळ्यांनीच मात्र मान खाली घातली नाही. १९५९ साली मँचेस्टरमध्ये सागर नावाच्या एका शीख गृहस्थांनी नगरपालिकेच्या बसवर कंडक्टरच्या कामासाठी अर्ज केला. गणवेशात टोपी आहे, पगडी नाही, असं उत्तर आलं. हे गृहस्थ समजूतदार. म्हणाले, तुमच्या गणवेशाच्या रंगाची, गडद निळी पगडी बांधतो, वर तुमचा बिल्लाही लावतो. तरी नाही. नगरपालिकेत ठराव, चर्चा, पुन्हा ठराव. मँचेस्टरने पगडीला परवानगी दिली ती १९६६ साली. एका पगडीसाठी सात वर्षं! आपल्याकडच्या सरकारी फायली संथ चालतात म्हणून आपण उगाच रडतो.

पण खरी गाजली ती वुल्व्हरहॅम्प्टनची लढाई. तरसेमसिंग संधू हा तरुण तिथल्या बसवर चालक म्हणून लागला तेव्हा गुळगुळीत दाढी केलेला, केस कापलेला, नियमात बसणारा. १९६७ साली तो आजारी पडला, काही आठवडे घरी राहिला आणि परत कामावर आला तो दाढी राखून, पगडी बांधून. वरिष्ठांनी त्याला घरी पाठवलं. दाढी करून ये, पगडी काढून ये, मग बस चालव.

इथे मी नेहमी थोडा थांबतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे त्या काही आठवड्यांत त्याच्या पगडीखाली केस असून असून किती असणार? अंबाडा बांधण्याइतके व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. शिखासारखे केस त्याच्याकडे अजून नव्हतेच, होता तो फक्त निश्चय. ज्याने मुळातच कधी केस कापले नाहीत त्याला नकार देणं ही एक गोष्ट. पण ज्याने नोकरीसाठी कापले, नोकरी केली, आणि मग "आता पुरे" म्हटलं, त्याची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. वरिष्ठ मंडळी म्हणत होती की नोकरी धरताना तुला नियम माहीत होते. हे खरंच होतं. माहीत होते म्हणूनच तर त्याने आधी कापले होते!

पुढची दीड-दोन वर्षं हे प्रकरण चिघळत गेलं. १९६८ च्या फेब्रुवारीत वुल्व्हरहॅम्प्टनच्या रस्त्यांवरून हजारो शिखांचा मूक मोर्चा निघाला. त्याच वर्षी २० एप्रिलला तिथले खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध भाषण केलं. बाहेरून आलेल्यांमुळे देशात रक्ताचे पाट वाहतील अशा अर्थाचं, त्यात शिखांच्या या मागणीचाही उल्लेख होता. एका बसचालकाची दाढी कुठल्या कुठे जाऊन पोचली बघा.

शिखांमध्येही एकमत नव्हतं. ज्यांनी केस कापून दहा-दहा वर्षं नोकऱ्या केल्या होत्या त्यांना वाटे की हा कशाला उगाच वाद उकरून काढतो, गोरे अजून बिथरतील. डाव्या विचारांच्या कामगार संघटनेला पगारात आणि बढतीत होणारा भेदभाव जास्त महत्त्वाचा वाटत होता. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पण एव्हाना परिस्थिती बदलली होती. १९६२ च्या कायद्याने येणाऱ्यांवर निर्बंध आले, तसे आधी आलेल्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. एकेकट्या पुरुषांच्या खोल्यांची घरं झाली, गुरुद्वारे उभे राहिले. आणि मुलं बापाकडे बघू लागली. बाप एकटा असताना न्हाव्याकडे जाणं सोपं होतं. मुलाच्या केसांची जुडी बांधताना स्वतःचं डोकं भादरलेलं असणं, हे अवघड.

शेवटी सोहनसिंग जॉली नावाचे एक वयस्क गृहस्थ पुढे आले. हे पूर्वी केनियात पोलिसात होते. नियम बदलला नाही तर मी स्वतःला जाळून घेईन, असं त्यांनी जाहीर केलं, आणि आपल्यामागे आणखी लोक आहेत असंही सांगितलं. आत्मदहनाची धमकी हा मार्ग मला स्वतःला पसंत नाही, तेव्हाही अनेक शिखांना तो पसंत पडला नव्हता. पण नगरपालिका हलली ती त्यानेच. ९ एप्रिल १९६९ रोजी परिवहन समितीने बंदी मागे घेतली. बैसाखी चार दिवसांवर होती. आपलं मत बदललं म्हणून नव्हे, तर दडपण आलं म्हणून हे करतो आहोत, असाच समितीचा सूर होता. संधूला पगडी बांधून बस चालवता आली. बसगाड्या काही त्यामुळे बंद पडल्या नाहीत.

आता आपल्याकडे बघू. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या दशकात, खेडेगावात घेरा आणि शेंडी राखलेले म्हातारे दिसत. त्यांच्या मुलांनी नोकरीसाठी शहरं गाठली आणि शेंडी बारीक होत होत गेली. कुणी हुकूम काढला नाही, मोर्चा निघाला नाही. डोक्यावर आधी पगडी होती, मग टोपी आली. टोपीखाली काय आहे आणि काय नाही ते कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे शेंडी गेली तरी घरच्यांखेरीज फारसं कुणाला कळलं नाही. मग टोपीही गेली. आमची पिढी कामाला लागली तेव्हा कानावर केस आणि लांब कल्ले यांची फॅशन होती, आणि मास्तरच असे केस ठेवतात म्हणून पालक कुरकुरत. ती हौस होती, श्रद्धा नव्हे. बहिणीच्या नातवाचीही हौसच आहे, तेव्हा त्याची संधूशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. तरी दोघांना अडवणारा नियम मात्र एकाच घराण्यातला वाटतो. केस लांब असले म्हणून गाडी वाईट चालत नाही की संगणक बिघडत नाही. मग नियम कशासाठी? साहेबाच्या डोळ्यांना सवय नाही म्हणून.

आणि ही सवय केवळ इंग्रजांचीच असंही नाही. अमेरिकेत १९०२ साली तिथल्या मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या प्रमुखाने हुकूम काढला की मूलनिवासी पुरुषांचे लांब केस कापले जावेत. जे सरकारी नोकरीत असतील त्यांनी ऐकलं नाही तर नोकरी जाईल, इतरांचं रेशन बंद होईल. यावर अमेरिकेतच वर्तमानपत्रांनी टीका केली.

इंग्लंडमध्ये पुढे बरंच बदललं. १९७६ साली मोटारसायकल चालवणाऱ्या पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट देणारा कायदा झाला. १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायासनापुढे एका शाळकरी मुलाचा खटला आला. बर्मिंगहॅममधल्या एका खाजगी शाळेने केस कापून, पगडी काढून ये, तरच प्रवेश देतो, असं सांगितलं होतं. निकाल मुलाच्या बाजूने लागला. १९८९ साली बांधकामावरच्या शिखांनाही टोपातून सूट मिळाली.

अमेरिकेला मात्र उशीर लागला. तिथल्या सैन्यात १९७४ पासून शिखांना केस-पगडीची मुभा होती, ती १९८१ साली काढून घेतली आणि सरसकट परत मिळायला २०१७ उजाडलं. त्याच्या आदल्याच महिन्यात, डिसेंबर २०१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यानेही आपला नियम बदलला. शीख पोलिसाला टोपीऐवजी पगडी बांधता येईल, रंग निळा आणि वर खात्याचा बिल्ला. मँचेस्टरचे सागर १९५९ साली हेच तर सांगत होते! दाढीला मात्र अर्ध्या इंचापर्यंतच परवानगी मिळाली. तो अर्धा इंच रोज सकाळी कोण मोजतं, देव जाणे.