टेपरेकॉर्डरचं भूत आणि ते उतरवणारा मांत्रिक

परवाच्या गणपतीत माळा आवरताना आजोबांचा स्पूल टेपरेकॉर्डर सापडला. जर्मन बनावटीचा, वजन एवढं की उतरवताना पाठीत उसण भरली. सोबत पत्र्याच्या डब्यात सहा स्पुलं. एकावर आजोबांच्या अक्षरात 'भोंडला, 1968' लिहिलेलं. आजी मी दोन वर्षांचा असतानाच गेली, तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. आता आयटीवाल्या माणसाला अशा वेळी धीर धरवतो का? बेल्ट बदलला, वायरी लॅपटॉपला जोडल्या आणि दिलं स्पूल लावून.

सुरुवातीला नुसती खरखर. मग बायकांचा घोळका, टाळ्या, आणि मधे एक खणखणीत आवाज. बाबा म्हणाले, "ही आई." पुढचं काही बोलले नाहीत. टाळ्यांबरोबर बांगड्या किणकिणत होत्या. त्या दिवशी तेच स्पूल आम्ही तीनदा ऐकलं.

संध्याकाळी सोसायटीतले एक काका आले. आयुष्यभर रेडिओच्या स्टुडिओत टेपांवर काम केलेला माणूस. त्यांनी मशीनकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "हेड डिमॅग केलंस का रे?"

"म्हणजे काय काका?"

"अरे बाबा... मग आधी ते स्पूल काढ बघू!"

तर मंडळी, या 'डिमॅग' प्रकरणाची गोष्ट. टेपचं हेड मऊ लोखंडासारख्या मिश्रधातूचं असतं. त्यात चुंबकत्व यावं आणि लगेच जावं, एवढंच त्याचं काम. पण मशीन चालू-बंद करताना बसणारे झटके, बिघडलेलं सर्किट, एखाद्या हौशी मेकॅनिकने मीटर लावून हेड तपासणं, अशा कारणांनी थोडं चुंबकत्व आत मुरून राहतं. मग प्रत्येक वेळी टेप त्यावरून गेली की खरखर वाढते आणि वरच्या पट्टीतले स्वर थोडे थोडे पुसले जातात. वरचेच का? कारण सेकंदाला 9.5 सेंटिमीटर या वेगाने 10 किलोहर्ट्झची एक लाट टेपवर जेमतेम साडेनऊ मायक्रॉन जागा घेते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. असे बारीक ठसे टेपच्या अगदी वरच्या थरात असतात, आणि तेच आधी जातात. म्हणजे आधी काय जाणार? बांगड्या.

रात्री झोप लागेना म्हणून इतिहास वाचत बसलो आणि मजाच सापडली. चुंबकावर आवाज साठवायची कल्पना डेन्मार्कच्या वाल्डेमार पॉल्सेनची, 1898 ची. त्याने तार वापरली होती. 1928 मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने कागदी पट्टीवर लोहचूर्ण चिकटवलं, आणि 1935 मध्ये एईजी कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन मांडला. पण तेव्हा टेपला सतत एकाच दिशेचं स्थिर चुंबकत्व दिलं जाई, आणि त्याने खरखर यायची. 1936 मध्ये बीचमच्या लंडन फिलहार्मोनिकचं लुडविग्सहाफेनला केलेलं रेकॉर्डिंग आजही आहे, त्यात ती ऐकू येते. 1940 मध्ये जर्मन रेडिओच्या वॉल्टर वेबरचा एक ॲम्प्लिफायर बिघडून स्वतःच उच्च वारंवारतेने कंप पावू लागला, आणि खरखर गायब! बग निघाला म्हणून फीचर मिळालं, असं आमच्या धंद्यातही कधीतरी होतं. (अमेरिकेत 1927 चं आणि जपानमध्ये केन्झो नागाईंचं 1938 चं काम याच वाटेवरचं होतं, हेही सांगायला हवं.) युद्धात इंग्लंडमध्ये असलेला अमेरिकन जॅक मलिन जर्मन रेडिओवर मध्यरात्री चाललेला ऑर्केस्ट्रा ऐकून चक्रावला होता. 1945 मध्ये बाड नाउहाइमला त्याला ती मशीनं दिसली. दोन मशीनं आणि पन्नास स्पुलं त्याने घरी पाठवली. पुढचं अँपेक्स, बिंग क्रॉस्बी वगैरे प्रकरण त्यातूनच निघालं.

आता गंमत बघा. हेडमध्ये चुंबकत्व मुरलं की तुमचं मशीन 1940 च्या आधी जाऊन बसतं. आणि त्यावर उपाय वेबरच्याच जातीचा: उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र हळूहळू कमी करत न्यायचं, की धातूतला सगळा कल विस्कटून जातो. 'डिगॉस' हा शब्दही त्याच काळातला. 1939 मध्ये जर्मन चुंबकी सुरुंगांपासून वाचायला ब्रिटिश जहाजांना तारांची वेटोळी घालत, तेव्हा चार्ल्स गुडीव्हने गाऊस या गणितज्ञावरून तो बनवला. जुन्या सीआरटी मॉनिटरचं डिगॉसचं बटण दाबल्यावर 'टण्ण' व्हायचं, ते आठवतंय का?

मग कुठला डिमॅग घ्यायचा? कॅसेटच्या आकाराचे मिळतात, टीडीकेचा एचडी-01 वगैरे, ते आपल्या उपयोगाचे नाहीत. स्पूलसाठी लांब नाकाडाचा हवा, हेडपर्यंत पोचेल असा. इंडियानापोलिसच्या ॲनिस कंपनीच्या हॅन-डी-मॅगचं जाणकार अजून नाव काढतात. पण जुन्या बाजारातला अमेरिकन माल बहुतेक 115 व्होल्टचा. आपल्या 230 मध्ये घातलात तर कॉइल जळालीच समजा. स्टेप-डाऊन लावला तरी फार वेळ चालू ठेवू नये. नाकाडाला प्लास्टिकचं टोपण हवं, नाहीतर हेडवर ओरखडा. फार अशक्त नको, कारण स्टीलचे गाइड सहजी बधत नाहीत. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बटण. दाबून धरावं लागणारं बटण घेऊच नये.

का, ते सांगतो. मी तसलाच घेतला होता. मशीन बंद, स्पुलं शेजारच्या खोलीत, घड्याळ काढलेलं, सगळं पुस्तकाप्रमाणे. हेडपासून इंचभर अंतरावर असताना अंगठा घसरला. क्षेत्र ज्या क्षणी तुटलं, त्या क्षणाचं चुंबकत्व हेडमध्ये तसंच राहिलं असणार. म्हणजे भूत उतरवायला गेलो आणि नवीन बसवून आलो.

काका हसले नाहीत. "परत कर. लांबून चालू कर, जवळ आण, सावकाश मागे ने, हातभर लांब गेल्यावरच सोड. घाई नको." तिसऱ्यांदा जमलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसलं. कापसाचा बोळा तपकिरी झाला. काका म्हणाले, "हे ऑक्साइड. सगळा दोष चुंबकाला देऊ नकोस."

मी तिन्ही वेळचं लॅपटॉपवर घेतलं होतं, म्हणून ग्राफ काढून बघितले. सहा किलोहर्ट्झच्या वर पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत फरक होता. थोडासा, पण दिसण्याइतका. हेड साफ केल्यावर चौथ्यांदा लावलं, तेव्हा त्यातलं काही परत आलं. सगळं नाही.

बाबांना ग्राफ दाखवला नाही. त्यांना पहिल्या वेळची फाइल दिलीय, तीच ऐकतात. उरलेली पाच स्पुलं या शनिवारी एकेकदाच लावणार आहोत, काका शेजारी बसून.