‘रामायण’ मालिकेचा शेवट आणि प्रेक्षकांचा हक्क

दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेचा शेवटचा भाग ३१ जुलै १९८८ रोजी, रविवारी सकाळी प्रसारित झाला. रावणाचा वध झाला होता, चौदा वर्षांचा वनवास संपला होता आणि अयोध्येच्या सिंहासनावर रामाला राज्याभिषेक झाला होता. निर्माते-दिग्दर्शक रामानंद सागर यांच्या दृष्टीने कथा पूर्ण झाली होती. प्रेक्षकांतील एका मोठ्या वर्गाला मात्र ती अर्धवट वाटली. मालिकेच्या शेवटावर चर्चा, नाराजी आणि वाद होणे आज नवलाचे राहिलेले नाही. परंतु प्रेक्षकांच्या आग्रहापुढे सरकारी वाहिनी नमली आणि संपलेली कथा पुन्हा सुरू करावी लागली, अशी उदाहरणे फार थोडी आहेत. ‘रामायण’चा शेवट हे त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण होय.

अठरा महिन्यांचे रविवार

मालिकेचा पहिला भाग २५ जानेवारी १९८७ रोजी दाखवला गेला. त्या वेळी गोवा हा दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. मालिका चालू असतानाच, ३० मे १९८७ रोजी, त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. देशात बहुतेक ठिकाणी दूरदर्शनची एकच वाहिनी दिसत असे आणि दूरचित्रवाणी संच प्रत्येक घरात नव्हता. ज्याच्या घरी संच असेल, त्याच्याकडे शेजारपाजार जमे. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई आणि पादत्राणे दाराबाहेर काढून लोक आत येत. अशी वर्णने त्या काळच्या वृत्तपत्रांत देशाच्या सर्व भागांतून आली आहेत.

मालिकेला मूळ मंजुरी ५२ भागांची होती. लोकप्रियतेमुळे ती वाढवत नेऊन ७८ भागांवर थांबवण्यात आली. चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गुजरातमधील उंबरगाव येथे झाले आणि कलावंतांत मराठी चेहरे लक्षणीय होते. दशरथ आणि कौसल्येच्या भूमिकांत बाळ धुरी आणि जयश्री गडकर हे वास्तव जीवनातील दांपत्य होते. मंथरेची भूमिका ललिता पवार यांनी, तर भरताची संजय जोग यांनी केली. मराठी घरांतून या मालिकेकडे जी आपुलकी दाखवली गेली, तिच्या मागे हेही एक कारण होते.

राज्याभिषेकावर पडदा का?

शेवट राज्याभिषेकावर करण्याचा निर्णय मनमानी नव्हता. मालिकेचा मुख्य आधार तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’ हा होता. त्या ग्रंथातही उत्तरकांड आहे. पण त्यात रामराज्याचे वर्णन आणि काकभुशुंडी-गरुड यांचा भक्तिपर संवाद यांना प्राधान्य आहे. सीतेच्या त्यागाची कथा तुलसीदास सांगत नाहीत. लव-कुशांचा उल्लेख ओझरता करून ते पुढे जातात. पारायणाची समाप्ती मंगल प्रसंगावर व्हावी, म्हणून राज्याभिषेकापाशी पोथी मिटण्याची रीतही अनेक ठिकाणी आहे. वाल्मीकी रामायणातील उत्तरकांड हे मूळ रचनेचा भाग की नंतरची भर, याविषयी अभ्यासकांत जुना वाद आहे. अनेक अभ्यासक ते उत्तरकालीन मानतात.

निर्मात्यापुढे आणखी एक अडचण होती. आदर्श पती आणि आदर्श राजा म्हणून दीड वर्ष ज्या रामाचे दर्शन घडवले, त्यानेच लोकापवादासाठी गर्भवती सीतेला वनात सोडले, हे त्याच प्रेक्षकांना दाखवणे सोपे नव्हते. राज्याभिषेकावर थांबले, म्हणजे तो प्रश्नच उद्भवत नव्हता.

ज्यांना शेवट मान्य नव्हता

विरोध सर्वांत तीव्रतेने उमटला तो पंजाबातील जालंधर शहरात. तेथील सफाई कामगारांनी काम बंद ठेवले. मागणी वेतनवाढीची नव्हती. लव-कुशांच्या जन्मापर्यंतची आणि त्यापुढची कथा दूरदर्शनने दाखवावी, ही होती. हे लोण उत्तर भारतातील इतर शहरांतही पोहोचले. ऐन पावसाळ्यात रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि रोगराईची भीती निर्माण झाली.

दुरून पाहणाऱ्यांना हा प्रकार विक्षिप्त वाटला, आणि काही वृत्तांतून तो तसाच रंगवलाही गेला. वास्तविक त्यामागचे कारण सरळ होते. संपकऱ्यांपैकी बहुसंख्य लोक वाल्मीकी समाजाचे होते. आदिकवी वाल्मीकी हे त्यांचे गुरू आणि आद्यपुरुष. वनवासाच्या आरंभी राम आणि वाल्मीकी यांची भेट होते खरी. पण कथेतील त्यांचे खरे कार्य उत्तरकांडात आहे. परित्यक्ता सीतेला ते आश्रय देतात, तिच्या मुलांना वाढवतात, शस्त्र आणि शास्त्र शिकवतात आणि रामायण गायला लावून त्यांना थेट रामाच्या सभेत उभे करतात. राजाला त्याच्याच जीवनाची कथा ऐकवणारा आणि सीतेच्या शुद्धतेची ग्वाही देणारा हा ऋषी. मालिका राज्याभिषेकावर थांबली, तेव्हा ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्याचा सर्वांत मोठा मानबिंदू कथेच्या बाहेर राहिला. दीड वर्ष भक्तिभावाने मालिका पाहणाऱ्या या प्रेक्षकांना आपण कथेत कोठे आहोत, असा प्रश्न पडला असेल, तर तो रास्तच म्हणावा लागेल.

नाराजी केवळ एका समाजापुरती नव्हती. सीतेचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक होते. ते न दाखवणे म्हणजे तिच्या दुःखाकडे पाठ फिरवणे, असेही एक मत होते. उलट बाजूला, तो प्रसंग पडद्यावर पाहवणार नाही, राज्याभिषेकाचे समाधानच मनात राहू द्यावे, असे मानणारेही होते. एकाच कथेवर प्रेम करणाऱ्यांमधला हा मतभेद होता.

दुसरा शेवट

अखेर सरकारने मागणी मान्य केली. १९८८ च्या अखेरीस ‘उत्तर रामायण’ म्हणजेच ‘लव कुश’ ही पुढची मालिका सुरू झाली आणि १९८९ पर्यंत चालली. तोपर्यंत बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिकाही २ ऑक्टोबर १९८८ पासून दाखल झाली होती. सीतात्यागाचा अवघड प्रसंग सागर यांनी स्वतःच्या पद्धतीने मांडला. लोकापवाद कानी आल्यावर राजधर्मासाठी सीता आपण होऊनच वनात जाण्याचा निश्चय करते, असे त्यात दाखवले आहे. सीता धरणीच्या कुशीत जाते तो प्रसंगही प्रेक्षकांनी पाहिला. रामाचा दोष सौम्य करणारी ही मांडणी सर्वांना पटली असेल असे नाही. परंतु वाल्मीकी कथेच्या केंद्रस्थानी आले, ही मूळ मागणी पूर्ण झाली.

मराठी प्रेक्षकांसाठी या दुसऱ्या शेवटाचे एक वेगळे देणे आहे. त्यात कुशाची भूमिका करणारा शाळकरी मुलगा म्हणजे पुढे मराठी चित्रपट आणि मालिकांत नावारूपाला आलेला स्वप्नील जोशी. लवाच्या भूमिकेत मयुरेश क्षेत्रमाडे होते.

मराठी परंपरेतील शेवट

मराठी श्रोत्यांना लव-कुशांविना रामायण अपुरे वाटावे, याला परंपरेचाही आधार आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झाले. त्यातील ५६ गीतांची सुरुवातच रामाच्या सभेत गाणाऱ्या लव-कुशांपासून होते आणि सांगता वाल्मीकींनी त्या दोन बालकांना केलेल्या उपदेशाने होते. सीतात्यागाची व्यथाही तेथे गाळलेली नाही. ज्या पिढीने रेडिओसमोर बसून ते ऐकले, तीच पिढी बत्तीस वर्षांनी दूरदर्शनसमोर बसली होती.

‘रामायण’ मालिकेने आरंभी ज्या ग्रंथांचे ऋण मान्य केले, त्यांत संत एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही होते. त्या ग्रंथाच्या शेवटाची कथा या संदर्भात बोलकी आहे. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत लेखन झाल्यावर नाथांचे निर्वाण झाले आणि उरलेला भाग, उत्तरकांडासह, त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. म्हणजे मराठीतील या थोर रामायणाचा शेवटही मूळ कर्त्याच्या हातचा नाही. कथा जेथे थांबली, तेथून ती पुढे नेणारा कोणीतरी उभा राहिला.

तीन दशकांनंतर

मालिका संपली तरी प्रेक्षकांनी पात्रांना निरोप दिला नाही. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून, तर रावण साकारणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठा मतदारसंघातून निवडून आले. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठमधून खासदार झाले.

करोनाच्या टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने ‘रामायण’चे पुनःप्रसारण केले. १६ एप्रिल रोजी ही मालिका ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिली आणि हा जागतिक विक्रम आहे, असे दूरदर्शनने जाहीर केले. त्यावर आक्षेपही घेतले गेले, कारण अमेरिकेतील ‘मॅश’ या मालिकेचा २८ फेब्रुवारी १९८३ चा अखेरचा भाग सुमारे १० कोटी ६० लाख लोकांनी पाहिल्याची नोंद आहे.

आकड्यांच्या या वादात एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. १८ एप्रिल २०२० रोजी राज्याभिषेक झाला आणि त्याच्या पाठोपाठ, जराही खंड न पडता, ‘उत्तर रामायण’ सुरू झाले. नव्या पिढीच्या प्रेक्षकांना दोन्ही मालिका एकाच कथेचे सलग भाग वाटल्या. त्या दोहोंच्या मध्ये १९८८ च्या पावसाळ्यात हाती झाडू न धरलेल्या सफाई कामगारांचा संप होता, याची त्यांतल्या बहुतेकांना कल्पनाही नव्हती.