निमाडचा गांजा आणि वंशाचा प्रश्न

खंडवा–अकोला या जुन्या लोहमार्गावरचे तुकईथड हे गाव आज बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडते. परंतु हा जिल्हा २००३ साली स्वतंत्र झाला, आणि इंग्रजी अंमलात हा सारा मुलूख मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या कचेरीखाली होता. याच निमाडात, खंडव्याच्या आसपास, त्या प्रांतातल्या गांजाची लागवड सरकारने एकवटली होती; पीक परवान्याने निघे, माल सरकारी कोठारात जमा होई आणि अबकारी भरल्यावरच बाजारात जाई.

या मादक पदार्थामुळे मनुष्य वेडा होतो, गुन्हेगार होतो, अशी ओरड विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेल्यावर १८९३ साली हिंदुस्थान सरकारने जो आयोग नेमला, त्याने ११९३ साक्षीदारांचे जबाब घेतले. प्रश्नावलीत दोन प्रश्न असे होते की आजचा आनुवंशशास्त्रज्ञही ते जवळजवळ त्याच शब्दांत विचारील: हे व्यसन पिढीजात उतरते काय आणि त्याचा परिणाम संततीवर होतो काय, आणि बदमाश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांत या व्यसनाचे प्रमाण मोठे आहे काय?

आयोगाची खरी थोरवी मला वाटते ती वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांच्या तपासणीत. रोग्याला दाखल करताना त्याच्या वेडाचे कारण बहुधा पोलिसांकडून आलेल्या कागदावरून वहीत उतरे; आणि घरच्यांची माहिती नसलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या माणसापुढे 'गांजा' हा शब्द लिहून मोकळे होणे हा शिरस्ताच पडून गेला होता. १८९२ सालच्या १३४४ दाखल रोग्यांपैकी २२२ जणांचे वेड असे गांजाभांगेच्या माथी मारलेले होते. एकेकाची चौकशी झाल्यावर त्यांतले केवळ ९८ टिकले. १८९४ च्या अहवालात आयोगाने निष्कर्ष काढला की अतिरेकी सेवनाने वेड लागू शकते, विशेषतः जेथे मूळचाच दुबळेपणा किंवा आनुवंशिक प्रवृत्ती असेल तेथे. परंतु गुन्ह्याशी या व्यसनाचा म्हणण्यासारखा संबंध नाही.

मात्र १८७१ सालीच याच सरकारने 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा केला होता, ज्याच्या मुळाशी सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोरच, हे गृहीतक होते. येथे आनुवंशिकता ही एखाद्या रोग्याच्या घराण्यात शोधण्याची गोष्ट उरली नाही, सबंध जमातीच्या कपाळी तिचा डाग बसला, आणि त्या जमातींतल्या माणसांना सक्तीची केलेली ठाण्यावरची हजेरी चुकवणे हाच गुन्हा ठरला. आयोगाचा अहवाल दप्तरात असतानाही १९११ साली या कायद्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरवली गेली, हा माझ्या मते केवळ अज्ञानाचा दोष नव्हे. जे तपासून पाहण्याची रीत सरकारला ठाऊक होती, ते त्याने जाणूनबुजून तपासले नाही.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आज दिसते की मद्याच्या व्यसनाबाबत माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो, आणि व्यसन व समाजविघातक वर्तन यांची आनुवंशिक मुळे काही अंशी एकच असतात. परंतु हा प्रभाव असंख्य जनुकांत, प्रत्येकी अल्प प्रमाणात, विखुरलेला असतो, आणि बालपणीच्या हालअपेष्टांवाचून वा आधारावाचून त्याचा अर्थ लागत नाही. जमातीची जन्मजात गुन्हेगारी यातून सिद्ध होत नाही.

गुन्हेगार जमातींचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आयोगाच्या अहवालाला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती.