सायकलचा दिवा : अंग की अलंकार?

मराठीत सायकलविषयी लिहिले जाते तेव्हा बहुधा पुण्याच्या आठवणी निघतात. 'सायकलींचे शहर', महापालिकेचा बिल्ला, डबलसीटची मनाई आणि दिवा नाही म्हणून चाकातील हवा सोडणारा पोलीस, हे या आठवणींतील हमखास घटक. त्यांतील दिव्याचाच इतिहास आम्ही येथे पाहणार आहोत. मात्र तो पुण्याकडून न पाहता जुन्नर तालुक्यातील राजुरीकडून पाहावा, असे आम्हांला वाटते.

आळेफाट्यावरून कल्याण-अहिल्यानगर महामार्गाने पूर्वेकडे निघाले की राजुरी लागते. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी या परिसराला पाणी दिले, पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाच्या फडांत बिबट्याला आडोसा मिळाला. २००१ नंतर जुन्नर वनविभागात माणूस आणि बिबट्या यांचा संघर्ष तीव्र झाला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र ही त्याच काळाची खूण होय. पहाटे दुधाची किटली अडकवून निघणारा किंवा दिवस मावळल्यावर रानातून परतणारा सायकलस्वार अशा मुलखात कोणत्या उजेडात जातो, हा प्रश्न सायकलच्या इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे.

काव्यशास्त्रात मम्मटाने अलंकारांना हारादी दागिन्यांची उपमा दिली. ते शोभा वाढवतात, पण काढून ठेवले तरी देह उरतोच. सायकलच्या व्यापारात ब्रेक आणि साखळी ही अंगे मानली गेली. दिव्याची गणना मात्र पुष्कळदा 'अ‍ॅक्सेसरी'त, म्हणजे काढून ठेवता येण्याजोग्या अलंकारांत झाली. पुढील सारा घोटाळा या वर्गवारीतून निर्माण झाला, असे आमचे मत आहे.

प्रारंभीचे दिवे तेलाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बाइडचा दिवा आला. वरच्या कप्प्यातील पाणी थेंबाथेंबाने खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडे, त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघे आणि तो जळून पांढरा, प्रखर उजेड पडे. त्यानंतरचे साधन म्हणजे डायनॅमो. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२३ मध्ये सायकलसाठी विजेचा दिवा बाजारात आणला. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने १९३६ मध्ये डायनॅमो थेट चाकाच्या तुंब्यातच बसवला. आपल्याकडे परिचित झाला तो टायरला घासून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा डायनॅमो. त्यातील चुंबक वेटोळ्याजवळ फिरतो आणि वीज निर्माण होते. त्याचे रूढ मान ६ व्होल्ट, ३ वॅट. पाठ्यपुस्तकांनी 'जनित्र' आणि 'विजेरी' हे शब्द दिले, लोकांनी मात्र 'डायनॅमो' आणि 'बॅटरी' हेच स्वीकारले. गंमत अशी की, हे यंत्र उलटसुलट प्रवाह देते. त्यामुळे काटेकोर अर्थाने 'डायनॅमो' हे नावही त्याला शोभत नाही.

या यंत्राची मर्यादा त्याच्या रचनेतच होती. चाक फिरेल तेवढाच उजेड. सपाट डांबरी रस्त्यावर वेग असताना दिवा झकास पेटे. चढावर, चिखलात, बांधालगतच्या पायवाटेवर तो मंदावे आणि सायकल थांबली की विझे. पावसाळ्यात ओल्या टायरवरून त्याचे चाक घसरे. थोडक्यात, जेथे उजेडाची गरज सर्वांत अधिक, तेथेच तो सर्वांत कमी मिळे. म्हणून ग्रामीण सायकलस्वाराने सेलवर चालणारी हातबॅटरी हँडलला ट्यूबच्या पट्टीने बांधली. सायकलच्या उपकरणांच्या इतिहासात या ओबडधोबड जोडणीला आम्ही मानाचे स्थान देऊ.

कायद्याचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ३३व्या कलमाने वाहनांना किती दिवे असावेत, ते कोठे आणि कोणत्या वेळेत लावावेत, याचे नियम करण्याचा अधिकार दिला. हा विचार रहदारीचा होता. दिवा म्हणजे इतरांना दिलेली सूचना. वाट दिसावी ही स्वाराची गरज त्यात दुय्यम राहिली.

दुसरीकडे मोजणीच्या उपकरणांची परंपरा वाढत गेली. अमेरिकेत कर्टिस व्हीडर याने १८९५ मध्ये चाकाचे फेरे मोजणारे छोटे यंत्र आणले. आपल्या २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ४५० फेरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच मोजणी आऱ्यावरचा चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक पडदा करू लागले. १९८६ मध्ये जर्मन अभियंता उलरिख शोबेरर याने पायडल मारण्याची ताकद वॅटमध्ये मोजणारे यंत्र बनवले. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतील मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव दूर केल्यावर सायकलच्या हँडलवर नकाशाही आला.

ही साधने निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. अशा पल्ल्यांत वेग, श्रम आणि विश्रांती यांचा हिशेब ठेवावाच लागतो. लक्षणीय बाब ही की, ब्रेव्हे या दीर्घ पल्ल्याच्या सायकलप्रकारातही रात्री पुढचा-मागचा दिवा सक्तीचा असतो. हौशी स्वारांच्या नियमाने दिव्याला अंग मानले, रोजच्या स्वाराच्या बाजाराने मानले नाही.

२०२० च्या केंद्रीय आदेशाने सायकलवरील परावर्तकांसाठी भारतीय मानक सक्तीचे केले. महामार्गावर त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु परावर्तक उजेड देत नाही, दुसऱ्याचा उजेड परत पाठवतो. ट्रकचालकाला त्यामुळे सायकल दिसते. उसातल्या वाटेवर समोरून ट्रक येत नाही आणि बिबट्याजवळ दिवा नसतो. जर्मनीत कायद्याने सायकलला दिवे आवश्यक ठरवले आणि २०१३ पर्यंत त्यासाठी डायनॅमोचाच आग्रह धरला. त्यानंतर बॅटरीचे दिवेही मान्य झाले. आपल्याकडे सायकल घेताना दिवा आजही बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

तंत्राची अडचण आता उरलेली नाही. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच शोधातून आलेला पांढरा दिवा अत्यल्प विजेवर, सायकल उभी असतानाही जळतो. रात्री बाहेर पडताना बॅटरी जवळ ठेवा, आवाज करत चला, असे वनविभाग सांगत असतो. हा सल्ला पाळण्याचे साधन सायकलबरोबरच मिळावे, ही मागणी अवाजवी नाही.

वस्तूंचा इतिहास लिहिताना कोणती वस्तू प्रथम कोणी शोधली, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणासाठी अंग होती आणि कोणासाठी अलंकार, हेही विचारावे लागते. राजुरीच्या वाटेवर या प्रश्नाचे उत्तर रोज दिवेलागणीला द्यावे लागते.