गोदीतले दोन तास

आपल्या देवळाली प्रवऱ्याजवळून नगर-मनमाड रस्ता जातो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या एकाच रस्त्याने चालतात. तेथे अपघात झाला की आपण धावतो खरे. पण धावून बहुधा गर्दीच वाढवतो. या सवयीची किंमत पूर्वी फार जबर मोजली गेली आहे.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागल्याचे दुपारी दोनच्या सुमारास ध्यानी आले. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळाही होता. धोक्याचा लाल बावटा मात्र लावलेला नव्हता! चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. ६६ बंबवाले कामी आले. त्यांचे स्मरण आपण दरवर्षी अग्निशमन सेवा दिनी करतो, ते योग्यच; परंतु आम्हाला खटकतात ते आधीचे दोन तास. एवढ्या अवधीत गोदीचा परिसर रिकामा झाला नाही.

पुढे ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत गृहरक्षक दल उभे राहिले. त्याचे निमित्त गोदी नव्हे, दंगली. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. १९४७ साली त्यासाठी कायदा झाला आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ही कल्पना देशभर पसरली. शेतकऱ्याने, शिक्षकाने, दुकानदाराने आपला धंदा सांभाळून पोलिसांना हात द्यायचा, पण तो शिकून, हा त्यातला विचार. यात्रेत वाहने वळवणारा खाकीतला गृहस्थ बहुधा त्यांतलाच असतो.

जखमीला हात लावला तर कचेरीच्या फेऱ्या पडतील, ही धास्ती आपल्याकडे जुनी. २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल व २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ यांनी सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. राहिले ते शिकण्याचे. इशारा अपघातापाशी देऊन उपयोग नाही. तो वळणाच्या, चढाच्या पुष्कळ अलीकडे दिला पाहिजे, कारण भरली ट्रॉली जागच्या जागी थांबत नाही. इशारा देणाऱ्याने येणाऱ्या वाहनांकडे पाठ करू नये. मागे जखमी कण्हत असताना हे पाळणे फार कठीण. आणि रुग्णवाहिकेला येण्याची वाट हवी तशी जाण्याचीही हवी. ही दुसरी वाट आपल्याच मोटारसायकली अडवून उभ्या असतात.